खड्ड्याला चारलेलं मीठ

शेजारच्या इमारतीच्या सेक्रेटरीने आमच्या उकिरड्याचा फोटो काढला तेव्हा मी उकिरड्यावरच उभी होते. त्याने हाताने मला बाजूला व्हायची खूण केली. मी झाले नाही. त्यामुळे महापालिकेत गेलेल्या तक्रारीत उकिरड्याबरोबर मीही आहे, पदर खोचलेला आणि हातात घमेलं.

याला तीनेक वर्षं झाली. आम्ही उमेळ्याकडची खाडीकाठची शेतकरी माणसं. खाली खारीच्या जमिनीत भात, वरच्या अंगाला वाडी, वाडीत केळी आणि तगर, असं आमचं होतं. भात कधीच बंद झाला. वाडीचा मोठा तुकडा नवरा असतानाच इमारतीला गेला. ते चूक की बरोबर, मला विचारू नका. कागदावर माझीही सही आहे. उरलं ते घर, मागे थोडी जागा, दुधीचा मांडव, गोठा आणि दोन म्हशी. पूर्वी शेण वाडीत जायचं. वाडी गेली म्हणून म्हशींनी शेण टाकायचं थांबवलं नाही. उकिरडा वाढत गेला आणि नव्या इमारतीच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या नेमक्या त्याच्या तोंडावर आल्या.

तक्रार गेल्यावर महापालिकेचा माणूस आला. वाईट नव्हता. चपला जपत सगळीकडे फिरला, नाकाला रुमाल लावला नाही. म्हणाला, "आजी, हा ढीग इथे ठेवता येणार नाही. पावसाळ्यात काही होणार नाही हे मला कळतं, म्हणून दसऱ्यापर्यंत वेळ देतो. शेणाची काही सोय केलीत तर चांगलं. नाही तर जनावरं हलवायला लागतील."

मुलाला तर हेच हवं होतं. तो नोकरी करतो, रात्री थकून येतो, त्याला गोठा म्हणजे कटकट. "आये, दे ना सोडून. कोनाला तरी विकू म्हशी. गोठ्याची जागा गॅरेजवाला भाड्याने मागतोय. तू आता आराम कर."

माझा म्हशींवर जीव आहे वगैरे काही नाही. धाकटी लाथ मारते. थोरली धारेच्या वेळी पान्हा चोरते. पण मी पहाटे उठते ती त्यांच्यामुळे. शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची, सात घरी दूध घालायचं, यात माझा दिवस जातो. आमच्या आळीतल्या माझ्या वयाच्या बाया गुरं गेल्यावर टीव्हीसमोर बसल्या. त्यांतल्या दोघींना आता न्हाणीपर्यंतसुद्धा धरून न्यावं लागतं. मला आराम नको होता. म्हशी गेल्या तर मी किती दिवस चालती राहीन, एवढाच माझा हिशेब होता.

गॅसची गोष्ट काढली ती सुनेने. ती मनवेलपाड्याच्या चाळीत वाढलेली, वडील कोकणातले, नोकरदार. लग्न होऊन आली तेव्हा म्हशीच्या मागून जायला घाबरायची. एक दिवस मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाली, "आई, हे बघा. शेणाचा गॅस. आपल्यासारख्याच दोन म्हशी आहेत त्या बाईकडे. शेण खड्ड्यात, गॅस किचनमध्ये. ढीग राहतच नाही."

"गोबर गॅस मला नको शिकवू," मी म्हटलं. "माझ्या लहानपनी आमच्या गावात एकाने केलेला. पुढे त्यात कोंबड्या ठेवायचा."

"मग त्याने नीट केला नसेल. आपण नीट करू."

तिच्या ह्या 'आपण'ला मी हसले होते. पण दसरा येणार होता आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

एक देशावरचा गवंडी मिळाला. आयुष्यभर त्याने हेच खड्डे बांधले होते. चैत्रात त्याने गोठ्यामागे गोल खड्डा खणला, आतून विटांनी बांधला आणि वर फायबरची मोठी उलटी टोपी बसवली. एका बाजूने शेण-पाणी कालवून आत सोडायचं. दुसऱ्या बाजूने गॅस निघून गेलेला पातळ रबडा बाहेर येतो, तो झाडांना घालायचा. आत गॅस झाला की टोपी वर उचलली जाते, संपला की खाली बसते. तेवढं मला लगेच समजलं. जाताना त्याने मला बाजूला घेतलं.

"मावशी, तुम्ही गुराढोरांतल्या बाई, म्हणून तुम्हाला सांगतो. हा खड्डा नाही, हे पोट आहे. म्हशीचं असतं ना, तसंच. वेळेवर खायला द्या. उपाशी ठेवू नका, साबणाचं पाणी पाजू नका. बिघडलं तर दूध बंद होतं, तसा गॅस बंद होतो."

पुढे जे झालं ते ह्या बोलण्यामुळे झालं. दोष मात्र त्याचा नाही.

वैशाखात टोपी वर आली. पहिले दोन-तीन दिवस गॅस पेटेना. गवंड्याने फोनवर सांगितलं, तो सोडून द्या, पुढचा पेटेल. पेटला. निळी ज्योत, भांड्याला काजळी नाही. सुनेने चहा केला. मुलगा कप नाकाशी नेऊन वास घेत बसला, तेव्हा ती म्हणाली, "वास घ्यायचा तर मागे जाऊन घ्या, इथे चहा प्या." चहा चहासारखाच होता. ज्येष्ठापर्यंत उकिरडा नाहीसा झाला. सकाळी सून शेण कालवायची, आधी हातमोजे घालून, मग कंटाळून तसंच. दुपारी ती एका दवाखान्यात कागदपत्रांच्या कामाला जायची. तेव्हा खड्ड्याकडे मी बघायचे.

श्रावणात टोपी खाली बसायला लागली. सकाळचा भात शिजेपर्यंत गॅस पुरायचा, मग फुस्स. पावसाळ्यात म्हशी ओलं गवत खातात, त्यांचं शेण पातळ होतं, पोट ढिलं होतं. अशा वेळी आम्ही गुराला काय देतो? मूठभर जाडं मीठ, गुळाचा खडा आणि थोडा ओवा. दोन दिवसांत जनावर ताळ्यावर येतं. माझ्या आईने हेच केलं, मीही जन्मभर हेच केलं, आणि माझं एकही जनावर पोटाने मेलेलं नाही.

मग मी विचार केला. हे पोट म्हशीचं खरं, पण मोठं. ह्यात दहा-बारा म्हशींची पोटं सहज मावतील. म्हणजे दहा-बारा मुठी मीठ. गुरांसाठी मिठागरावरून आणलेलं पोतं गोठ्यात होतंच. दुपारी शेण कालवताना त्यात मीठ, गूळ आणि ओवा टाकायला लागले. लपवून केलं नाही, पण सांगितलंही नाही. गुरांच्या औषधाचं मी कधी कोणाला विचारलेलं नाही.

आठवडा झाला, फरक नाही. उलट टोपी आणखी खाली. मला वाटलं, दुखणं जुनं आहे, मात्रा कमी पडते. मी मुठी वाढवल्या. पोतं संपलं. गणपती यायच्या आत खड्डा मेला. काडी लावली की काडीच जळायची. आरतीच्या प्रसादाचा शिरा सिलिंडरवर झाला आणि म्हशींचं शेण पुन्हा जुन्या जागी पडायला लागलं. वर सेक्रेटरीची खिडकी धाडकन बंद झाली, ती मला ऐकू यावी म्हणूनच.

गौरी-गणपती जाताच मुलाने म्हशींचा व्यापारी आणला. त्याने थोरलीच्या कासेला हात लावला, दात पाहिले आणि जणू त्या त्याच्याच झाल्या असं म्हणाला, "दसऱ्यानंतर टेम्पो पाठवतो."

त्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि ते सुनेवर निघालं.

"तूच साबनाचं पानी टाकलंस खड्ड्यात."

"आई, एक थेंब नाही टाकला मी."

"भांड्यांचं खरकटं पानी कुठे टाकतेस मग?"

"मोरीत. रोज. तुमच्या समोर."

"मग बिघडलं कसं? सोसायटीवाले येऊन टाकून गेले?"

ती ताट घेऊन आत जाऊन जेवली. चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तो खड्डा तिने मागून घेतलेला होता. नवऱ्याशी भांडून, माझी टिंगल सोसून. आणि मी तो तिच्याच माथी मारला होता. हे तेव्हा मला जाणवलं असं म्हणणार नाही. तेव्हा मला वाटत होतं, माझंच बरोबर आहे.

मधे पावसाने उघडीप दिली. दुधीला पाणी घालायला गेले तर पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी. कीड नव्हती. मांडवाला आम्ही खड्ड्याचा रबडा घालत होतो. मी रबडा जिथून बाहेर पडतो त्या कट्ट्यापाशी गेले. कट्टा उन्हाने वाळला होता आणि त्याच्या काठाला पांढरी किनार आली होती. अशी किनार मी लहानपणापासून बघितली आहे. खारीत भरतीचं पाणी घुसलं आणि वाळलं की बांधाच्या कडेला अशीच येते, आणि भाताच्या पात्यांच्या कडा अशाच जळतात. तरी बोट लावून चाखलं. खारट.

मी तिथेच दगडावर बसले. पोतंभर मीठ डोळ्यांपुढे आलं.

संध्याकाळी सून कामावरून आली, चप्पल काढत होती.

"मीठ मी घातलंय," मी म्हटलं.

"कशात? भाजीत?"

"खड्ड्यात. पोतंभर. त्याचं पोट बिघडलं म्हनून."

ती एक चप्पल पायात तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "पोतंभर मीठ?"

"गूळ पन. आनी ओवा."

"आई! अजून हळद आणि मोहरी टाकली असती तर लोणचं झालं असतं!" असं म्हणून ती हसायला लागली, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आणि साबण मी टाकला होता, हो ना?"

"नाय. तू नव्हता टाकला."

एवढंच मी बोलले. माफी कशी मागतात ते मला जमत नाही. तिने दुसरी चप्पल काढली आणि गवंड्याला फोन लावून स्पीकर सुरू केला.

मीठ किती ते गवंड्याने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, शेणात बारीक जीव असतात, ते गॅस करतात. मिठाने तुम्ही त्यांना मारलंत."

"तुम्हीच म्हनालात, म्हशीचं पोट."

"म्हणालो खरा. तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. आजपासून बंद." मग म्हणाला, दुसऱ्या चालत्या खड्ड्यातला रबडा तो आणून देईल, विरजण म्हणून. पण विरजण खाऱ्यात लावून उपयोग नाही, आधी मीठ निघायला हवं. खड्डा अख्खा उपसायचा तर आत उतरावं लागेल, आणि आत उतरायचं नाही, वायूने माणूस मरतो. दसऱ्याच्या आत जमेल असं त्याला वाटत नव्हतं.

ते ऐकून मला उलट बरं वाटलं, कारण मीठ काढणं हे काम मला माहीत होतं. माझ्या बापाच्या खारीचा बांध दोनदा फुटला होता. खारं पाणी शेतात शिरलं की माती कोणी बाहेर काढत नाही. पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडायचं, दोन-चार दिवस मुरू द्यायचं, सोडून द्यायचं, पुन्हा कोंडायचं. तीन वेळा असं केलं की जमीन भात घेते. खड्ड्यालाही तेच करायचं. एका बाजूने तिसरा हिस्सा बादलीने काढायचा, दुसऱ्या बाजूने गोडं पाणी सोडायचं. आत उतरायची गरजच नाही.

पण गोडं पाणी कुठून आणायचं? आमची विहीर मचूळ झाली आहे. नळ एक दिवसाआड येतो. पाऊस अजून पडत होता, पण आमच्या कौलांवरचं पाणी चारी बाजूंनी सांडतं, धरायचं कशात? धो-धो वाहणारा नळ होता तो सेक्रेटरीच्या इमारतीच्या गच्चीचा. जाडजूड पाइप, आमच्या कुंपणाला लागून उतरलेला, तोंड गटारात.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. जिना चढून, लिफ्ट मला आवडत नाही. त्याने दार अर्धंच उघडलं.

"आता काय, आजी?"

"तुमच्या गच्चीचं पावसाचं पानी पायजे. गटारात जातंय ते."

"कशाला?"

"खड्डा धुवायला. मी त्याला मीठ चारलं, तो मेला."

आतून त्याच्या बायकोचं हसू ऐकू आलं. तो हसला नाही. सरळ माणूस, निवृत्त कारकून, प्रत्येक गोष्ट कागदावर मांडून बघणारा. म्हणाला, "म्हणजे पाणी दिलं नाही तर तुमचा गॅस बंद राहणार, दसऱ्याला म्हशी जाणार, आणि आमचा वास आपोआप बंद. मग मी पाणी का द्यावं?"

त्याचं बरोबर होतं. मला ते आवडलं. गोड बोलणाऱ्यापेक्षा असा माणूस परवडतो.

"नका देऊ," मी म्हटलं. "म्हशी गेल्या की पोरगा गोठा गॅरेजवाल्याला देनार आहे. मग तुमच्या खिडकीखाली दिवसभर पत्रा ठोकतील आनी गाड्या घुरघुरवतील. शेनाचा वास खिडकी लावली की जातो. हातोडा जातो का बघा."

आतून बायको म्हणाली, "अहो, द्या ना. आपण काय विकतोय का ते?"

"मिटिंगमध्ये ठेवावं लागेल."

"मिटिंग होईस्तोवर पाऊस जाईल," मी म्हटलं आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः छत्री घेऊन खाली आला. पाइपचं खालचं तोंड प्लंबरकडून वळवून कुंपणावरून आमच्याकडे सोडलं.

मग दहा-बारा दिवस मी आणि सुनेने जे काम केलं तसं मी भातकापणीतही केलं नव्हतं. चार पिंपं पावसाच्या पाण्याने भरायची. ती रबडा उपसायची, मी हातगाडीवरून तो, आणि जुन्या जागी साठलेलं शेणही, खारीच्या कडेला नेऊन ओतायचे. तिथे आधीच मीठ आहे, आणखी थोड्याने काही बिघडत नाही. मग गोडं पाणी आत. चार दिवस थांबायचं. पुन्हा. दुसऱ्या खेपेला मुलगा रविवारचा बनियनवर आला आणि बायकोच्या हातातली बादली घेतली. तिसऱ्या खेपेला मी काठावरचा रबडा चाखला आणि सून ओरडली, "आई, ते चाखायचं नसतं!" मी म्हटलं, "मग मीठ गेलं हे तुला कोन सांगेल, मोबाईल?" मीठ पूर्ण गेलं नव्हतं, पण भात आला असता इतकं गेलं होतं.

गवंड्याने विरजणाची दोन पिंपं टेम्पोतून आणली. मला बघून हात जोडले, खरे की चेष्टेने ते कळलं नाही. शेण आता थोडं थोडं द्यायचं, पावसाळ्यात शेण आधीच पातळ असतं, श्रावणात गॅस त्यानेच कमी झाला, म्हणून पाणी कमी घालायचं, आणि दुसरं काहीही नाही, असं त्याने तीनदा सांगितलं.

सुनेने टोपीवर नेलपॉलिशने लाल रेघ मारली, टोपी खड्ड्याच्या काठाशी जिथे होती तिथे. पाच दिवस रेघ हलली नाही. सहाव्या दिवशी एक बोट वर. मग दोन बोटं. नवरात्रात ती माझ्या आधी उठून रेघ बघायला जायची, केस मोकळे, हातात टॉर्च. मी ओरडायचे, "अगं, विंचवाकिरडाचं बघ!" पहिला गॅस पेटला नाही, तो आम्ही सोडून दिला. अष्टमीला पेटला. ज्योत लहान होती, बाजूने पिवळी. एवढ्याशा ज्योतीवर तिने दूध ठेवलं आणि ते तापेपर्यंत आम्ही दोघी शेगडीजवळ उभ्या राहिलो, बाकीची कामं तशीच टाकून.

व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा मुलगा त्याला म्हणाला, "थांबा, साहेब येऊन जाऊ दे." नाही म्हणाला नाही. तो वडिलांवर गेलाय, शेवटपर्यंत दोन्ही दारं उघडी ठेवतो.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी महापालिकेचा माणूस आला. उकिरड्याची जागा पाहिली. तिथे माती सारवलेली होती, थोडं शेण होतं, पण ते त्याच सकाळचं, कालवायला ठेवलेलं. त्याने टोपी पाहिली, शेगडी पेटवून दाखवा म्हणाला. सुनेने पेटवली. ज्योत आता निळी होती. मग त्याची नजर कुंपणावरून आलेल्या पाइपवर गेली.

"हे कुणाचं कनेक्शन? परवानगी आहे का?"

वरून आवाज आला, "आमचं आहे." सेक्रेटरी खिडकीत उभा होता, खिडकी सताड उघडी. "गच्चीचं पाणी आहे. सोसायटीने दिलंय. गेल्या मिटिंगमध्ये ठराव झालाय."

"आणि तुमची तक्रार?"

"ती उकिरड्याबद्दल होती. उकिरडा दिसतोय का तुम्हाला?"

त्या माणसाने कागदावर काहीतरी लिहिलं, मुलाची सही घेतली आणि चहाला थांबला नाही, त्याला मनवेलपाड्याकडे आणखी एक तक्रार बघायची होती. मुलगा दारात उभा राहून फोन करायला लागला. "नाय हो, नाय पाठवायचा टेम्पो. नाय. आय नाय म्हनते." मी काही म्हटलंच नव्हतं. पण ठीक आहे.

तेव्हापासून म्हशी इथेच आहेत आणि मी अजून चालती आहे, गुडघे कुरकुरतात तरी. सेक्रेटरीची बायको दर शनिवारी बादली घेऊन येते, गच्चीवर टोमॅटो लावलेत तिने, त्यांना रबडा लागतो. येते ती तासभर बसते आणि माझं काम खोळंबतं. धाकटी म्हैस गाभण आहे. सून म्हणते, तिसरं जनावर झालं की हा खड्डा पुरणार नाही, दुसरा बांधायला हवा, आणि ह्या वेळी गवंड्याशी बोलणार ती, मी नाही.

मी म्हटलं, आधी विऊ दे तिला नीट.